जयाबेनचा डबा आणि आपली अब्रू

बोरीवली (पश्चिम),
शनिवार, १० जानेवारी

तीर्थस्वरूप पुतळावहिनी यांना धाकट्या जावेचा, म्हणजे माधुरीचा, साष्टांग नमस्कार. (इथल्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय आणि निधीची सायकल यांच्यामधून साष्टांगाला पुरेल एवढी सलग जमीन मिळत नाही, तेव्हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे. भाव साष्टांगाचाच धरावा.) आम्ही सगळी इकडे बरी आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? तांबू व्याली का? पाडा झाला की पाडी? माकडांनी उचकटलेली कौलं सारखी करून घेतलीत, की अजून पडवीत बसून चांदणं मोजताय? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं. पण तुम्ही फोन उचलत नाही. इतके दिवस मी रेंजला दोष देत होते. मग परवा तुमच्या शेजारच्या अनुपमाकडून कळलं की माझा नंबर दिसला की तुम्ही फोनवर टोपली उपडी घालता आणि तो वाजायचा थांबेपर्यंत वर हात ठेवून बसता. वहिनी, फोन म्हणजे कोंबडीचं पिल्लू नव्हे. म्हणून शेवटी हे पत्र. पत्रावर टोपली घालता येते, पण भिकाजी पोस्टमन ते वाचून दाखवल्याशिवाय तुमच्या पायरीवरून उठणार नाही याची मला खात्री आहे. (भिकाजी, तुलाही नमस्कार. तुझा आवाज खणखणीत आहे आणि ओटीवर नेहमी चारजण बसलेले असतात. तेव्हा कंसातलं जरा हळू वाच.)

मी निघाले त्या सकाळी तुम्ही पायरीपर्यंतसुद्धा आला नाहीत. आतून, चुलीपुढूनच म्हणालात, "पंधरा दिसांत परत येतलंस, बघ." आता दोन महिने उलटून गेले. मी आले नाही, याचा तुम्हाला राग आहे. मी गेलेच का, याचा त्याहून जास्त आहे. पण यज्ञेश आणि गंधाली दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात, निधीची शाळा साडेबाराला सुटते, आणि मधल्या वेळात त्या पोरीने काय लिफ्टवाल्या भिंतीशी गप्पा मारायच्या? छत्तीस वर्षं आपण दोघी एका चुलीपुढे बसलो, एवढ्यावरून मी तुम्हाला टाकून गेले असं धरून बसू नका. एवढंच सांगायचं होतं. आता इकडची हकिगत ऐका, म्हणजे तुम्हालाही वाटेल की माधुरी गेली ते बरंच झालं. (वाटलं नाही तरी भिकाजीसमोर तसं दाखवा.)

आमची इमारत सोळा मजल्यांची आहे आणि आम्ही अकराव्यावर राहतो. आपल्या वाडीतली सगळी घरं एकावर एक ठेवली तरी अकराव्या मजल्यापर्यंत पोचणार नाहीत, आणि पोचली तरी वरच्या घरातली माणसं खालच्यांशी बोलणार नाहीत. इथे उलट आहे. इथे लिफ्ट नावाची सोय आहे, तिच्यात सगळे मजले एकत्र येतात. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये एक गृहस्थ शिरले. एवढ्याशा खोलीत आपण दोघंच उभे, ओळख नाही, बोलणं नाही, हे मला काही बरं दिसेना. मी विचारलं, काय हो, कुठे निघालात? ते म्हणाले, ऑफिसला. मी विचारलं, कुठल्या? मग गाव कुठलं, आईवडील आहेत का, मुलं किती, हे सगळं तळमजला येईपर्यंत उरकलं. यज्ञेशला हे कळलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, आई, मुंबईत असं कोणी विचारत नाही यार. पण वहिनी, मुंबईची माणसं फार गुणी आहेत. पंधरा दिवसांत त्यांना सवय झाली. आता मी लिफ्टमध्ये उभी दिसले की माणसं आत शिरतानाच सांगून टाकतात. "आजी, दाढ काढायला चाललोय." "आजी, बायको माहेरून येतेय, आणायला चाललोय." सहाव्या मजल्यावरच्या एका मुलाने तर लग्न ठरल्याचं घरी सांगायच्या आधी मला सांगितलं. आपल्या गावात एवढी बातमी काढायला मला विहिरीवर तीन फेऱ्या घालाव्या लागल्या असत्या.

सकाळी मी नॅशनल पार्कात फिरायला जाते. इथून रिक्षाने फार लांब नाही. तिकडे शेकडो माणसं पहाटेपासून चालत असतात, आणि वहिनी, त्यांना कुठेही जायचं नसतं. मी चौकशी केली. एका बाईला विचारलं, शेत कुठे तुमचं? ती म्हणाली, शेत नाही, शुगर आहे. तिथे जागोजागी बिबट्याच्या वावराच्या पाट्या लावल्या आहेत, आणि त्यातल्याच एका पाटीखाली पंचवीस-तीस म्हातारी माणसं हात वर करून मोठमोठ्याने हसत असतात. विनोद कोणी केलेला नसतो, नुसतंच हसतात. आपल्याकडे बिबट्या येऊन कुत्रा उचलून गेला तेव्हा तुम्ही आठ दिवस कोयता उशाशी घेऊन झोपला होता. हे लोक पाटी वाचून हसतात. मला त्यांच्या धीराचं कौतुक वाटतं. मीही आता त्यांच्यात हसते. (सुरुवातीला मला लाज वाटायची. मग तुम्ही मला हसताना बघितलंत तर काय म्हणाल ते मनात आणलं, आणि हसू आपोआप फुटलं.)

बाजाराबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. मासे चांगले मिळतात. गोराईकडच्या कोळणी टोपल्या घेऊन येतात. पहिल्याच दिवशी मी बांगड्याचा कल्ला उघडून बघितला, शेपटीला धरून उभा केला, परत ठेवला, दुसरा घेतला. कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आये, मालवनकडची ना तू? इथल्या बाया नुसत्या बोट दाखवतान." मी हो म्हटलं तशी तिने टोपलीच्या तळातून ताजे बांगडे काढून दिले आणि वरचे होते ते पुढच्या बोट दाखवणाऱ्या बाईला ठेवले. असा मान इथे मिळतो. भाज्या तर निवडून, चिरून, पिशवीत घालून मिळतात. मटार सोललेला, नारळ खवलेला. गंधाली म्हणते, आई, तुम्ही आराम करा. तर मी आराम करते. सकाळी दहा वाजता माझा सगळा आराम करून होतो आणि पुढे दिवस उरतो.

या उरलेल्या दिवसातच सगळं प्रकरण घडलं. आता नीट लक्ष देऊन ऐका.

आमच्या समोरच्या दारात जयाबेन राहतात. माझ्याच वयाच्या, गुजराती, कपाळाला मोठं कुंकू, आणि बाई अशी सोन्यासारखी की तुम्हालासुद्धा नावं ठेवायला जागा सापडणार नाही. (तुम्ही शोधाल. पण वेळ लागेल.) आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मासे असतात. जयाबेन शुद्ध शाकाहारी, वास कसा सहन करतील या काळजीने मी पहिल्या बुधवारी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि घामाने निथळले. पुढे कळलं की बाईंनी कोणालाही काही न बोलता आपली हवेलीत दर्शनाला जायची वेळ बदलून घेतली आहे. बुधवारी आणि रविवारी बरोबर अकराला त्या देवाकडे असतात आणि माझी कढी उकळून झाली की परत येतात. तक्रार नाही, कपाळाला आठी नाही. वहिनी, आपल्याकडे बांधावरून फणसाची एक फांदी पलीकडे गेली तर सात वर्षं बोलणं बंद होतं.

मी आले त्याच दिवशी त्या स्टीलच्या डब्यातून गरम थेपले आणि छुंदा घेऊन आल्या. डब्याच्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. थेपले आम्ही खाल्ले, डबा घासला, आणि आता परत द्यायचा तर आपली घरची रीत तुम्हाला माहीतच आहे. शेजारचं भांडं आपल्याकडून रिकामं जात नाही. सासूबाईंनी मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी हे शिकवलं, आणि विसरले तेव्हा तुम्ही. यज्ञेश म्हणाला, आई, रिकामा दे ना, कोण बघतंय? मी म्हटलं, मी बघतेय. ट्रंक उघडली आणि डब्यात आंब्याच्या साठाच्या आठ वड्या घातल्या. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, पण ट्रंक तुम्हीच भरलीत, हे मी विसरलेले नाही. तळाला साठं, मग फणसपोळी, नाचणीचे लाडू, कोकमं, खाजं, कुळथाचं पीठ, आणि प्रत्येक पुडीला तुमची ती दुहेरी गाठ, जी सोडवताना माझं एक नख गेलं.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. जयाबेन. हातात तोच डबा, आत ढोकळा. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्यातलीच दिसते. त्यांच्याकडेही हीच रीत! ढोकळा खाल्ला, डबा घासला, फणसपोळी घातली. तिसऱ्या दिवशी हांडवो आला. मी नाचणीचे लाडू दिले. मग मुठिये, मग सुरळीच्या वड्या, मग एक भलंमोठं उंधियू, त्याला तो डबा पुरेना म्हणून मोठा डबा. मोठ्या डब्यात चार लाडू दिले तर ते एका कोपऱ्यात जाऊन बसतात आणि डबा रिकामाच दिसतो, म्हणून मला दहा द्यावे लागले. असे पाच आठवडे चालले. यज्ञेशचा पट्टा एक भोक पुढे सरकला. जयाबेनचा मुलगा विपुल, तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्याचाही सरकला असावा, कारण लिफ्टमध्ये तो हल्ली श्वास आत ओढून उभा राहतो. आणि वहिनी, तुमच्या... म्हणजे आपल्या जिनसांचं अकराव्या मजल्यावर असं नाव झालं म्हणून सांगू. जयाबेन साठाची वडी जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या, दारातच. (तुम्ही केलेलं आहे हे मी त्यांना सांगितलं की नाही, ते पुढे येईल. आत्ता मध्येच विचारू नका.)

आणि मग एका गुरुवारी ट्रंक संपली. तळाला फक्त तिरफळं आणि एक डांबरगोळी. तिरफळं जयाबेनना द्यावीत तर ती माशाच्या कढीशिवाय जातात कशात? आणि ओट्यावर मोठा डबा घासून, पुसून, तोंड उघडं टाकून वाट बघतोय. दोन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, मी स्टेशनजवळच्या दुकानातून साठाचं तयार पाकीट आणलं, कागद फाडला, वड्या पाडल्या आणि डब्यात घालून पाठवल्या. जयाबेन संध्याकाळी आल्या. तोंडावर तेच हसू. म्हणाल्या, "माधुरीबेन, ह्या वेळेला हात बदलला वाटते." कागद मी त्यांच्या नकळत केराच्या डब्यात टाकला होता, तरी बाईला जिभेवरून कळलं! त्यावर मी काहीतरी बोलले. काय बोलले ते या पत्राच्या तळाला लिहीन. पण त्या बोलण्यातून सुटायला पुढे मी असंही बोलून गेले की, हे साठंबिठं जाऊ दे हो, आमच्याकडची खरी चीज म्हणजे शिरवाळे. तांदळाच्या उकडीच्या शेवया, गुळाच्या नारळरसात. मी तुम्हाला करून घालते.

आता शिरवाळ्यांचा साचा आपल्या माजघरात, बोरीवलीत आहे तो चकलीचा सोऱ्या. मी म्हटलं, काय फरक पडतो? रविवारी तांदळाची उकड काढली, मळली, गोळे उकळत्या पाण्यातून काढले, आणि गरम गोळा सोऱ्यात घालून यज्ञेशच्या हातात दिला. गंधालीने खाली ताट धरलं. एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने फोनवर शूटिंग, ही तिची पद्धत. यज्ञेश जिममध्ये जातो. त्याने असा काही जोर लावला की सोऱ्याच्या तळाची चकती सुटली, ती ताटाला लागली, ताट गंधालीच्या हातून सुटलं आणि सबंध गोळा तिच्या नव्या कुर्त्यावर जाऊन बसला. निधी टाळ्या वाजवायला लागली. दुसरा गोळा यज्ञेशने हळू दाबला, तर सोऱ्यातून बाहेरच येईना, आतल्या आत थंड होऊन दगड झाला. तिसऱ्याच्या वेळी सोऱ्याचा दांडा वाकला. मी ताटात पडलेले तुकडे गोळा केले, रस चांगला झाला होता तो त्यावर ओतला, आणि आम्ही चौघं ती लापशी खात बसलो होतो, एवढ्यात दार वाजलं.

जयाबेन आत आल्या, ओट्याकडे बघितलं, वाकलेला दांडा बघितला, गंधालीचा कुर्ता बघितला. वाटी घेतली आणि रसात बुडवून एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. म्हणाल्या, तुकडा इतका चांगला तर आखा केवढा चांगला असेल! मी म्हटलं, हो ना, खरा साचा गावाला आहे, तो असता तर बघितलं असतंत. एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. विपुलने छापलेली, खाली सोसायटीचा शिक्का. "२६ जानेवारी, सकाळी आठ वाजता झेंडावंदन. त्यानंतर नाश्ता: कोकणातले अस्सल शिरवाळे. बनवणार: माधुरीबेन, ११०४." चौसष्ट फ्लॅट आहेत, वहिनी. दोनशे माणसं तरी येतील. विपुल म्हणतो, आंटी, दरवर्षी आपण समोसे आणतो आणि दरवर्षी ते गार असतात, लोकांना काहीतरी झकास पाहिजे ना! त्या दिवसापासून लिफ्टमध्ये मी काही विचारायचं राहिलंच, लोकच मला विचारतात. "आजी, साचा आला का?" वॉचमन विचारतो. दाढ काढलेले गृहस्थ म्हणाले, तोपर्यंत माझी दाढ भरून येईल, मी दोन वाट्या खाणार.

गंमत पुढेच आहे. परवा गंधालीला जयाबेनची सून नमिता जिन्यात भेटली. तिने हळूच सांगितलं, तुमच्या सासूबाईंना सांगा ना, डबा एकदा रिकामा पाठवा. मम्मी थकल्या आहेत. रोज सकाळी उठून विचार करतात की आज डब्यात काय घालायचं. हांडवो करून करून त्यांचा खांदा भरून आलाय. पण तुमच्याकडून भरलेला येतो तर आमच्याकडून रिकामा कसा पाठवायचा? म्हणजे वहिनी, दोन महिने आम्ही दोघी बायका समोरासमोरच्या दारांत एकमेकींना घाबरून जगत होतो! मी म्हटलं, आता तरी बोलून मोकळं व्हावं. डबा घेऊन गेले. दार उघडलं. जयाबेनने डब्याकडे बघितलं, मी जयाबेनकडे. मी डबा त्यांच्या हातात दिला, आत दोन केळी होती. त्यांनी केळी काढून घेतली आणि मला थांबा म्हणाल्या, आणि त्यात खाकरे घालून दिले. रीत म्हणजे रीत.

तर अशी इकडची हकिगत. माणसं प्रेमळ, हवा बरी, बाजार जवळ, मुलगा-सून जपतात, नात गळ्यात पडून झोपते. तोटा म्हणून काही नाही. बोरीवलीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी इथे येऊन राहावं आणि मग बोलावं, असं माझं मत झालं आहे. तुम्ही तब्येतीला जपा, विहिरीवरून भरलेली कळशी दोन हातांनी उचला, आणि तांबूचं काय ते कळवा. यज्ञेश, गंधाली तुम्हाला नमस्कार सांगतात. निधी विचारते की मोठी आजी फोनमध्ये का येत नाही. तिला मी काय सांगायचं तेही कळवा. लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो टोपलीखालून बाहेर काढावा.

तुमची,
माधुरी

ता. क. – बोरीवलीची एसटी आपल्या फाट्यावरून रोज सुटते. शिरवाळ्यांचा साचा ड्रायव्हरकडे दिलात तर यज्ञेश इथे उतरवून घेईल. तीन पाय आहेत, तिन्ही आहेत ना ते बघून द्या. २६ तारखेच्या आत पोचायला हवा.

ता. क. दुसरा – साचा ड्रायव्हरकडे देऊ नका. मी रात्रभर विचार केला. साचा येऊन करायचं काय? छत्तीस वर्षांत उकड तुम्ही काढलीत, मळलीत तुम्ही, साच्याचा दांडा तुम्ही फिरवलात. मी फक्त खाली ताट धरलं आणि ते गोल फिरवलं. एकदा मी दांडा मागितला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझ्या हातात जोर नाय. मी रुसून बसले होते आणि मग कधीच मागितला नाही. आता माझ्या नावाने नोटीस लागली आहे आणि मला त्यातलं ताट धरणं तेवढं येतं. तेव्हा साचा घेऊन तुम्हीच या. तांबूचं निमित्त सांगू नका, तिचं भिकाजी बघेल. (भिकाजी, हो म्हण. मोठ्याने म्हण, ओटीवरच्यांना ऐकू जाऊ दे.) २४ ला निघालात तर २५ ला सकाळी इथे असाल. दोनशे माणसांची उकड काढायला एक दिवस पुरेल ना? तुम्हाला पुरेल.

ता. क. तिसरा – (भिकाजी, इथून पुढे घरात जाऊन वाच.) याल तेव्हा इथे गोंधळ नको म्हणून आधीच कबूल करते. साठं, फणसपोळी, लाडू, सगळं मीच केलं असं मी जयाबेनना सांगितलं. आणि दुकानातल्या साठावर त्या म्हणाल्या ना, हात बदलला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं की, हो, तेवढं जरा बिघडलं, ते माझ्या जावेने केलं होतं. तिला मी शिकवतेय, पण अजून हात बसला नाही. वहिनी, चांगलं होतं ते सगळं माझ्या नावावर आणि पाकिटातलं तुमच्या. बोलून झालं आणि माझं मलाच कसंतरी झालं. त्या रात्री जेवण गेलं नाही. आता तुम्ही आलात की जयाबेन तुम्हाला समजुतीच्या चार गोष्टी सांगतील, की घाबरू नका, करून करून जमेल. तेव्हा तुम्ही रागावून साचा उचलून परत एसटीत बसू नका. २६ तारखेला झेंडा चढला की दोनशे माणसांसमोर मी स्वतः सांगणार आहे की हात कोणाचा आहे. विपुलला माइक लावायला सांगितलाय. मग तुम्हाला काय बोलायचं ते मला माइकवर बोला.

ता. क. चौथा – (भिकाजी, आता कागद वहिनींच्या हातात दे आणि जा. हे त्यांचं त्या वाचतील. अक्षर अंगणवाडीच्या तक्त्याएवढं काढलंय.)

वयनी, शिरवाळे ऱ्हवले तरी चलात. समोसे आणतीत.
सगळा बरा आसा हय. माणसा चांगली आसत.
पण दिवसभर भांडूक कोण नाय.
माका करमना नाय. तू ये गो.